पद्मिनी की अँबेसेडर

आमच्या घरातल्या दोन पुरुषांना आयुष्यात एकच विषय होता, आणि तोही भंगारात निघालेला. बाबांची पद्मिनी आणि काकांची अँबेसेडर. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत दोन्ही गाड्या शेजारी उभ्या असत आणि रविवारी हे दोघे भाऊ बनियनवर फडकी घेऊन गाड्या पुसता पुसता एकमेकांची लाज काढत.

"तुझं धूड लिटरला किती देतं ते सांग आधी," बाबा म्हणायचे. "माझी अकराशे सीसीची, पण गल्लीत कशी वळते बघ."

"वळते रे दादा, पण चढते का? पाच माणसं बसली की पुलावर जीव जातो तिचा. माझं पंधराशेचं इंजिन आहे."

जसं काही रोज घाटातून माल वाहत होते! महिन्यातून एकदा दादरला भाजी आणायला जाणार, तेही आम्ही धक्का मारल्यावर.

मग वाडी पाडून टॉवर बांधायचं ठरलं. आमच्या घराला पार्किंग मिळणार एकच. म्हणजे एक गाडी भंगारात. नव्या घरात ओटा कुठे, खिडक्या किती, याची चौकशी कुणी केली नाही, पण गाडीपायी दोघांची झोप उडाली. शेवटी तोडगा निघाला : यंदा परळच्या कारखान्यातून ज्याच्या गाडीतून गणपती येईल, त्याची गाडी राहील. अक्कल गहाण टाकल्याशिवाय असं सुचत नाही.

आमच्याकडे गणपती सीटवर ठेवत नाहीत. आई मागे बसते, तिच्या मांडीवर पाट आणि पाटावर मूर्ती. लग्न झाल्यापासून ती पद्मिनीतच बसत आली होती.

कारखान्याच्या दारातच दोघांची जुंपली. पिकअप काय, गिअर काय, सस्पेन्शन काय. मूर्ती न्यायला आलेली माणसं तमाशा बघत उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई बिचारी सुजलेले गुडघे घेऊन भिंतीला धरून उभी. थोडा वेळ तिने ऐकून घेतलं. मग सरळ चालत गेली, अँबेसेडरचं मागचं दार उघडलं आणि आत बसली. एरवी पद्मिनीत तिला मी आणि बाबा मिळून बसवायचो, आणि उतरवताना ती डोळे मिटून घ्यायची.

"पाट द्या इकडे," ती म्हणाली.

काका फुलले. "बघितलंस दादा? शेवटी इंजिन ते इंजिन."

"भाऊजी, इंजिनातलं मला काही कळत नाही," आई म्हणाली. "तुमची सीट उंच आहे. गुडघे दुमडावे लागत नाहीत."

बाबांनी मूर्ती आणली, तिच्या मांडीवरच्या पाटावर ठेवली, रुमाल नीट केला. मग तिथेच खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "अगं, मला सांगायचंस ना."

"दर वर्षी सांगितलं," आई म्हणाली. "तुमचं डोकं बॉनेटमध्ये असायचं."