डोंगरावरून आलेलं गिऱ्हाईक

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. राजारामपुरीतल्या माझ्या सलूनमध्ये एक रविवार असा उजाडला, की दुपारचे बारा वाजत आले तरी खुर्चीवर एकही माणूस बसला नव्हता. न्हाव्याच्या दुकानाला रविवारी अशी अवकळा येते तेव्हा काय वाटतं, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. एरवी रविवारी बाकावर जागा मिळत नाही, लोक पायरीवर बसून पेपर वाचत नंबर येण्याची वाट पाहतात. त्या दिवशी पेपरची घडीसुद्धा मोडली नव्हती. समोर चहाच्या गाड्यावर सगळी ओळखीचीच माणसं उभी होती. ती माझ्याकडे पाहत आणि मी पाहिलं की मान फिरवत. गेले तीन आठवडे हेच चाललं होतं. मी लहानपणापासून जोतिबाचा भक्त. दुकान उघडल्यावर आधी त्याच्या तसबिरीला उदबत्ती, मग बाकीचं सगळं. पण त्या दुपारी तसबिरीकडे बघताना मनात पहिल्यांदाच आलं, की आपण इतकी वर्षं हात जोडतोय, तिकडे ऐकणारं कोणी आहे तरी का?

हे कशामुळे झालं ते सांगतो. आमच्या गल्लीत आनंदा नावाचा एक फिटर राहायचा. कागलच्या नव्या एमआयडीसीत कामाला होता. दर रविवारी सकाळी तो माझ्याकडे दाढीला यायचा, मिशीला पीळ भरून घ्यायचा आणि आरशात दोन्ही बाजूंनी बघून मगच उठायचा. त्याचं येणं हळूहळू कमी झालं. मग तो वाळला, नोकरी सुटली, आणि एक दिवस सरकारी दवाखान्यातून परत आला तेव्हा त्याला एड्स झाल्याची बातमी त्याच्या आधी गल्लीत पोचली होती. तो शब्द तेव्हा लोक आवाज खाली करून बोलत. भिंतींवर कवटीची चित्रं असलेली पोस्टरं होती, टीव्हीवर जाहिराती होत्या. पण त्यातून लोकांच्या मनात भीती तेवढी उतरली, माहिती काही उतरली नाही. आनंदाला तो आजार कुठून आला असेल, याचीच चर्चा त्याच्या तब्येतीपेक्षा जास्त होती.

त्याची म्हातारी आई एकदा दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "दादा, त्येला दाढीची लई खाज सुटतीया. तेवढी उतरून द्या की." मी म्हटलं, उद्या येतो. गेलो नाही. ती दुसऱ्यांदा आली तेव्हा गर्दीचं कारण सांगितलं. तिसऱ्यांदा ती नुसतीच उभी राहिली आणि थोड्या वेळाने निघून गेली. मी त्या वेळी एका गिऱ्हाइकाचे कल्ले कापत होतो. ते दोन्ही बाजूंना सारखे होईनात.

माझी भीती एकपदरी नव्हती. तेव्हा आम्ही बरेचजण चामड्याच्या पट्ट्यावर परजलेला वस्तराच वापरायचो. एकाची झाली की पाण्यात बुडवायचा, पुसायचा आणि पुढच्याच्या गालाला लावायचा. त्याच वस्तऱ्याने मी आनंदाची दाढी कित्येक वर्षं केली होती आणि त्यानेच माझी स्वतःचीही करत होतो. बोट कापणं तर आमचं नेहमीचंच. तेव्हा आनंदाच्या घरी जायला नको वाटत होतं, कारण तिथे गेलो तर माझ्या अंगातही ते असेल का, हा प्रश्न समोर येऊन बसणार होता. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "इतकी वर्षं त्येच्या गालावर तुमचा हात फिरलाय. व्हायचं आसंल ते हून गेलंय. आता भिऊन काय हुणार? जावा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन पात्यांचं पाकीट घेऊन गेलो. घराच्या मागच्या खोलीत त्याची खाट होती. उशाशी त्याची वेगळी ताटली, वेगळा पेला. गाल इतके आत गेले होते, की पातं कुठून फिरवावं कळेना. माझा हात थरथरत होता आणि ते त्याला दिसलं. "हात का कापतोय?" तो म्हणाला. "मी काय चावतोय व्हय?" आणि हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला. मग मलाही हसू आलं आणि हात थांबला. दाढी झाल्यावर त्याने आरसा मागून घेतला. मिशीला पीळ भरण्याइतके केस उरले नव्हते. तरी त्याने बोटाने ते वळवले आणि बराच वेळ स्वतःकडे पाहत राहिला. त्याची आई दाराआड उभी होती, ती तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर मी आणखी दोनदा गेलो. मग आनंदा गेला. त्याच्या तिरडीला खांदा द्यायला माणसं कमीच होती. मी त्यात होतो, आणि मला तिथे पाहिल्यावर लोकांनी हिशेब जुळवला. न्हावी आनंदाच्या घरी जात होता, आता त्याच हाताने, त्याच हत्यारांनी आपल्या दाढ्या करणार. तोंडावर कोणी काही बोललं नाही. येणं मात्र बंद झालं.

तर त्या रविवारी दुपारी मी शटर ओढलं आणि जोतिबाची एसटी धरली. रविवार हा जोतिबाचा वार. पण तोच आमच्या धंद्याचाही वार असल्याने मी जन्मभर सोमवारी, सुट्टीच्या दिवशी दर्शनाला जात आलो होतो. रिकाम्या दुकानाने मला पहिल्यांदा देवाच्या वाराला डोंगरावर नेलं, हे आज लिहिताना जाणवतं. तेव्हा मात्र मी रागात होतो. पायऱ्या गुलालाने लाल झाल्या होत्या, लोक चांगभलं म्हणत होते. मी नारळ घेतला नाही. दर्शन घेतलं तेही नुसतं, हात न जोडता. मग आवारात एका कडेला बसलो आणि देवाशी भांडलो. चांगलं काम केलं, तर त्याचं हे फळ का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होतो. आणि त्याच्याही खाली दुसरा प्रश्न होता, माझ्या स्वतःच्या रक्ताचा. तो मात्र देवालाही विचारायची छाती होत नव्हती.

शेजारी एक साठीचे गृहस्थ येऊन बसले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, कपाळापासून कानापर्यंत गुलाल. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "पावणं, कुटलं?" माझ्या तोंडून कसं कोण जाणे, सगळंच बाहेर पडलं. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, मी आरोग्य खात्यात होतो, आता घरी असतो. मग त्यांनी एखाद्या शाळेतल्या पोराला समजवावं तसं मला समजावलं. हा आजार शिवण्याने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, डास चावून होत नाही. तो शरीरसंबंधातून जातो, दूषित रक्तातून आणि सुईतून जातो, आईकडून बाळाला जातो. वस्तऱ्यातून झाल्याचं सहसा कुठे दिसत नाही, पण रक्त लागलेलं पातं दुसऱ्याला लावूच नये. त्यातून काविळीसारखे दुसरे आजारही जातात. म्हणून प्रत्येकाला नवं पातं, एवढं करावं.

आणि मग ते म्हणाले, हे तुमच्या गल्लीपुरतं नाही. जगभरात कोट्यवधी माणसांच्या अंगात हा विषाणू आहे. आफ्रिकेत अशी गावं आहेत, जिथे मधली पिढीच गेली आणि म्हाताऱ्या आज्या नातवंडांना वाढवत बसल्या आहेत. औषधं निघाली आहेत, पण ती अजून श्रीमंत देशांतल्या लोकांनाच परवडतात. "आपल्याकडं यायला वेळ लागंल. तवर माणसानं माणसाला टाकू नये, एवढंच आपल्या हातात हाय." मी आफ्रिका नकाशातसुद्धा नीट पाहिली नव्हती. पण त्या म्हाताऱ्या आज्या ऐकल्या आणि मला पायरीशी उभी राहिलेली आनंदाची आई दिसली. देवाच्या आवारात मी आल्यापासून पहिल्यांदा माझा राग खाली बसला. उठताना त्यांनी माझ्या दुकानाचा पत्ता विचारला आणि म्हणाले, "रविवारी येतो. त्याच्या आदी सवताचं रक्त तपासून घ्या. मनात भ्या ठिवून हत्यार धरू नये."

त्या आठवड्यात मी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला गेलो त्या सकाळी तासभर बाकावर बसून होतो. जे मला इथे सांगायचं आहे, ते त्या तासाबद्दल. मी नवस बोलायला लागलो होतो, की निगेटिव्ह आलं तर अमुक करीन. आणि मधेच थांबलो. आनंदाही असाच कुठल्यातरी बाकावर बसला असेल, तोही काही नवस बोलला असेल, आणि देवाने त्याला नाही म्हटलं म्हणून तो काही माझ्यापेक्षा वाईट माणूस ठरत नाही, हे अगदी सरळ समोर आलं. मी मनात म्हटलं, काय द्यायचं ते दे, ते घेऊन मी दुकान उघडीन. एवढं म्हटल्यावर छातीवरची जी शिळा होती ती उतरली. चिठ्ठी हातात पडायच्या आधीच उतरली. रिपोर्ट चांगला आला. सिस्टरनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितलं, तेव्हाही चांगलाच आला. पण मला कृपा म्हणून आठवतो तो रिपोर्ट नव्हे, त्याच्या आधीचा तो तास.

रविवारी ते गृहस्थ खरंच आले. आधी समोरच्या गाड्यावर चहा घेतला, चारजणांशी गप्पा मारल्या, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला, दाढी करून येतो." रस्ता ओलांडून आले आणि माझ्या एकुलत्या एक खुर्चीवर टेकले. दार सताड उघडं ठेवायला लावलं. मी त्यांच्यासमोर नवं पातं काढलं, फेस केला. गाड्यावरची माणसं एकेक करून दारापर्यंत आली. मी दाढी करत होतो आणि ते आरशातून त्यांच्याशी बोलत होते. कोणी डासाचं विचारलं, कोणी हॉटेलातल्या पेल्याचं. शेवटी मागून एकजण म्हणाला, पण ह्याने आनंदाची दाढी केली ना? त्यांनी मला हात थांबवायची खूण केली, मान वळवली आणि म्हणाले, "त्यानं क्येलं ते तुमी सगळ्यांनी करायचं हुतं." राहिलेली दाढी मी पुरी केली. ते उठले, गालावरून हात फिरवला, बरी झाली म्हणाले आणि बस स्टॉपकडे चालू लागले. त्यानंतर खुर्चीवर पहिल्यांदा बसला तो चहाच्या गाड्यावाला. त्याने टॉवेल स्वतःच गळ्याभोवती गुंडाळून घेतला. दोन-तीन महिन्यांत बाक पुन्हा भरायला लागला.

त्या गृहस्थांना मी खूप शोधलं. नाव विचारायचं राहूनच गेलं होतं. आरोग्य खात्याच्या कचेरीत वर्णन सांगून पाहिलं, डोंगरावरच्या नारळवाल्यांना विचारलं. कोणालाच नीट सांगता आलं नाही. ते कोण होते याचा वाद मला घालायचा नाही. पेन्शन घेणारे एक साधे गृहस्थ असतील. पण मला त्या रविवारी जे हवं होतं, ते त्यांच्या हाती होतं, आणि ते घेऊन ते माझ्या शेजारी येऊन बसले.

पुढे मी वस्तरा कायमचा ठेवून दिला आणि दुकानात पाटी लावली, की प्रत्येकाला त्याच्या डोळ्यांदेखत नवं पातं मिळेल. ती पाहून जनजागृतीचं काम करणाऱ्या काही मंडळींनी मला नाभिक बांधवांच्या बैठकांना नेलं. औषधंही यथावकाश सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली. आनंदाच्या नशिबी ती नव्हती. पण ती घेऊन कामावर जाणारी, लेकरांना शाळेत सोडणारी माणसं मी या डोळ्यांनी पाहिली.

अशाच एका बैठकीला चंदगडला गेलो होतो. बाहेर तिकडचा धो धो पाऊस, शाळेचा हॉल, पंचवीस-तीस न्हावी. आमच्याबरोबर हा आजार असलेला एक तरुण होता. त्याने स्वतःची हकीकत सांगितली. त्याच्या गावात त्याची दाढी कोणी करत नाही, हेही सांगितलं. मग मी बोललो. आता मला बोलायची सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या धैर्याची गोष्ट सांगण्याची गोडीही लागली होती. बोलणं संपवून विचारलं, यांची दाढी इथे कोण करेल? कोणी उठत नाही म्हटल्यावर मीच बाह्या सारायला लागलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारे उठले. हळूहळू पुढे आले, हात धुतले, पिशवीतून पातं काढलं आणि त्या पोराची हनुवटी दोन बोटांनी वर केली. हात जराही हलला नाही.

सगळं झाल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो आणि विचारलं, माझं बोलणं पटलं का तुम्हाला? त्यांनी पातं कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "तुमी बोललासा म्हणून न्हवं, पावणं. त्येची दाढी वाढलीवती."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. मला वाटत आलं होतं, की देवाने माझ्याकडून काही काम करून घेतलं. पण त्या म्हाताऱ्यांना कोणी डोंगरावर भेटलं नव्हतं, त्यांचं दुकान ओस पडलं नव्हतं, त्यांनी कुठे गाऱ्हाणं घातलं नव्हतं. समोर काम दिसलं आणि ते उठले. मला एवढं कळायला इतका वळसा घ्यावा लागला, आणि त्या वळशातही कोणीतरी माझा हात धरून चालवत राहिलं. मी हात जोडले. ते जोतिबाला होते की त्या म्हाताऱ्यांना, हे मी ठरवलं नाही.