सीलबंद स्क्रू

कार्ल्याच्या फाट्यावर, मुंबई-पुणे रस्त्याला लागून आबांचं गॅरेज होतं. तिथे मी सात वर्षं काम केलं. आबा नात्याने माझे कोणी नव्हते. पण माझं लग्न ठरवताना ते वडिलांच्या शेजारी बसले होते, आणि डिझेलच्या पंपाबद्दल मला जे काही येतं ते त्यांनीच शिकवलेलं.

ट्रकच्या पंपाला मागून एक स्क्रू असतो. इंजिनाला जास्तीत जास्त किती डिझेल मिळेल, ते त्याच्यावर ठरतं. एकदा नीट बसवला की त्यातून तार ओवून शिशाचं सील दाबतात, म्हणजे कोणी हात लावू नये. तो थोडा आत फिरवला की गाडी घाट झपाट्याने चढते. पण धूर काळा पडतो, इंजिन आतून भाजत जातं आणि एक दिवस पिस्टन वितळतो.

"ह्या स्क्रूला हात लावणारा मेकॅनिक न्हाई, चोर हाय," आबा म्हणायचे.

सत्तर सालच्या आसपास, एका उन्हाळ्यात, बोरघाटात दम टाकणारा एक ट्रक आला. मी पंप उतरवला, साफ केला, पुन्हा लावला, सील दाबलं. ड्रायव्हर मागे लागला, "जरा डिझेल वाढीव की. उशीर झाला का मालक लय बोलतो."

"इंजिन जाईल," मी म्हटलं.

आबांनी हे ऐकलं. थोड्या वेळाने त्यांनी मला बेअरिंग आणायला तळेगावला पाठवलं. परत आलो तर ट्रक गेलेला.

पंधरा दिवसांनी तोच ट्रक दुसऱ्या ट्रकला बांधून ओढत आणला. दोन पिस्टन वितळले होते. मालक स्वतः आला. त्याच्यासमोर पंप उतरवला. सील आमच्याच गॅरेजचं, शाबूत होतं, आणि स्क्रू चांगला एक फेरा आत; म्हणजे गॅरेजमध्येच तो फिरवून पुन्हा सील दाबलेलं.

"पंप कुणी लावला हुता?" मालकाने विचारलं.

मी आबांकडे पाहिलं. आबा फडक्याला हात पुसत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यानं. मी नव्हतो त्या दिवशी."

नव्हते? मग मला तळेगावला कोणी धाडलं होतं? शब्द ओठांवर आले होते. ड्रायव्हर खाली मान घालून उभा होता. एवढ्या लोकांत आबांना खोटं पाडायला माझी जीभ रेटली नाही. मालकाने मला आईवरून शिवी दिली, तीही मी ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमध्ये आम्ही दोघेच होतो. मी विचारलं, "आबा, स्क्रू तुमीच फिरवला ना?"

"व्हय," ते म्हणाले. "त्याच्या चार गाड्या माझ्याकडं येत्यात. नाव माझं गेलं तर गॅरेज बसंल. तू तरणा हायेस, कुटंबी कामाला लागशील."

जरा ओशाळले असते, तरी मी थांबलो असतो. ते मला ह्यात काही वावगं नाही अशा सुरात समजावत होते, जणू नवीन काम शिकवत होते. मी माझे पाने-हातोडे पिशवीत भरले आणि निघालो.

पण खंडाळ्यापासून सोमाटण्यापर्यंत ड्रायव्हरांमध्ये गोष्ट पसरली होती. दोन गॅरेजवाल्यांनी मला ठेवलं, पण मी बॉनेट उघडलं की ड्रायव्हर म्हणायचे, "तू पंपाला हात लावू नगं." वर्षभर मी चाकं खोलली, ग्रीस भरलं. शेवटी पिंपरीला एका कारखान्यात लागलो. तिथे माझं काम बघून मला ठेवलं, मागचं कोणी विचारलं नाही.

पुढे एकदा कार्ल्याला एसटीची वाट बघताना आबा समोर आले. थकले होते. "बरं हाय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"बरं हाय," मी म्हटलं. माझा हात सवयीने त्यांच्या पायांकडे निघाला होता. तो मी मागे घेतला, आणि दिवसभर त्या हाताचीच मला चीड येत राहिली.