हन्नामावशीचं दार

माझ्या दुकानात कॉलेजातली पोरं येतात आणि लाडात विचारतात, "पुतळीताई, तो गाववाला खेळ लावा ना." मी साफ सांगते, पत्ते खेळा, गाड्या पळवा, काय वाटेल ते करा, पण त्या खेळाचं नाव या दुकानात काढायचं नाही. पोरं म्हणतात, ताई तापट आहे. आहेच मी तापट. पण या रागाला कारण आहे, आणि ते कारण हमरापूरला राहतं. नाथा त्याचं नाव.

पेणच्या स्टँडसमोर माझा एसटीडीचा बूथ. गेल्या वर्षी मी त्यात दुसरी फोनलाइन घेतली, एक कम्प्युटर मांडला आणि बाहेर पाटी लावली, 'येथे इंटरनेट मिळेल'. नवरा म्हणाला, "पेणमध्ये कोण येणार गो तुझ्या इंटरनेटला?" पहिला आला तो नाथा. पायजम्यावर रंगाचे डाग, नखांत शाडूची माती. दारातच चपला काढून उभा राहिला, देवळात आल्यासारखा.

नाथा गणपतीच्या कारखान्यात आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम उरकलं, सोनेरी लागलं, की मग शेवटी डोळे. नाथाच्या बापाची एक रीत होती, तीच नाथाने चालवली. गिऱ्हाईक समोर आल्याशिवाय डोळे उघडायचे नाहीत. देवाने पहिलं बघायचं ते ज्याच्या घरी जायचंय त्याच्याकडे. सीझनला याच्यामुळे कारखान्यात शिव्या खायचा, पण रीत सोडायचा नाही.

त्याची आई तो रांगत होता तेव्हाच गेली. बाप दिवसभर कारखान्यात. शेजारी हासाजीकाका रोहेकरांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारी ती यहुदी माणसं, बोलायला आमच्यासारखीच. हासाजीकाकांची बायको हन्नामावशी. तिने एका मांडीवर आपला एलियाह घेतला आणि दुसऱ्या मांडीवर नाथाला. लोक विचारायचे, यातला तुझा कुठला? ती म्हणायची, "जो आधी रडेल तो."

नाथा चार वर्षांचा असताना उधाणात खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतातून थेट अंगणात. एलियाह मोठ्या माणसाच्या खांद्यावर होता, नाथा मात्र कुठे दिसेना. मावशी कमरेएवढ्या पाण्यात त्याला शोधत फिरली, सापडला तेव्हा उचलून घाण्याच्या लाकडावर नेऊन बसवलं आणि रात्रभर त्याला धरून उभी राहिली. त्यानंतर कधीही मोठी भरती आली की तिचा पहिला शब्द ठरलेला, "नाथा कुठाय?" नाथाला मिसरूड फुटली तरी हेच.

हासाजीकाका वारले. एलियाह धाटावला कंपनीत शिफ्ट करायचा, त्याने एक दिवस सगळं आवरलं आणि आईला घेऊन इस्राएलला गेला. घर विकलं. घेणाऱ्याने घर आणि घाणा दोन्ही पाडून तिथे पत्र्याचं गोडाऊन ठोकलं.

नाथा सुरुवातीला माझ्याकडे यायचा तो एलियाहचा फोन घ्यायला म्हणून. मावशीचं डोकं फिरत चाललं होतं. तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या घरात ती बोचकं बांधून दाराशी बसायची आणि म्हणायची, मला घरी ने. लेकाला ओळखायची नाही. फोनवर नाथा "मावशी, मी नाथा" म्हणून ओरडायचा, तर पलीकडून शांतपणे, "कोन बोलतंय? जरा घरी निरोप द्या, मी येतंय म्हनून." बूथच्या काचेतून मला नाथाचं तोंड दिसायचं. बघवत नव्हतं.

नाथाने घराचं चित्र काढून पाठवलं. हुबेहूब काढलं असणार, हात आहे त्याचा. एलियाहने फोन करून सांगितलं, "आई चित्र बघते, मग उलटं करते आणि मागचं दार शोधते. म्हणते, आत कसं जायचं?"

आणि मग एलियाहनेच हा खेळ काढला. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा. इंटरनेटवरून जगभरची माणसं एकाच वेळी एका गावात जायची, जमीन घ्यायची, घरं बांधायची, एकमेकांच्या अंगणात हिंडायची. आम्ही त्याला नुसतं 'गाव' म्हणायचो. एलियाह म्हणाला, "नाथा, तू तिथं आमचं घर बांध. मी आईला पडद्यासमोर बसवतो आन् तिला घरात चालवत नेतो." त्याने इकडे येणाऱ्या कोणाबरोबर तरी खेळाची सीडी पाठवली, नाव नोंदवून दिलं. दिवाळी झाली होती, मूर्तीचं काम थंडावलं होतं. नाथा रोज दुपारी यायला लागला.

आता त्या कंपनीची करणी ऐका. सीडीच्या डब्यावर लिहिलेलं, हवं तसं घर बांधा. प्रत्यक्षात सगळ्या घरांना विलायती धुराडं! काढायची सोयच नाही. मी माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत शोधलं, तर कंपनीने लिहिलेलं, ही सोय लवकरच येईल. नाथाने धुराड्याभोवती आंब्याचं झाड लावून ते झाकलं. घाणा नव्हताच, तो त्याने पिंप आणि ओंडके एकावर एक रचून केला. इतका बेमालूम की माझ्या नवऱ्याने वास घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, "तीळ हाय की खोबरं?"

मग कंपनीने दुरुस्ती पाठवली. दुरुस्ती कसली, आगीतून फुफाट्यात! अंगणातल्या कोंबड्या छपरावर चढून बसल्या आणि उतरेनात. विहीर जमिनीच्या वर तरंगायला लागली. नाथा हसला आधी. मग पुन्हा विहीर खणायला बसला. पुढच्या महिन्यात त्यांचं यंत्र कोसळलं आणि त्यांनी गाव जुन्या दिवसावर नेऊन ठेवलं. म्हणजे नाथाने मधल्या दिवसांत केलेली ओसरी, मागचं दार, चिंचेखालचा दगड, सगळं गेलं. जसं काही तो आलाच नव्हता.

मी कंपनीला मेल केला. डिक्शनरी घेऊन बसले आणि लिहिलं, की बाबांनो, हा पोरखेळ नाही, एक म्हातारी वाट बघत्येय. उत्तर आलं, तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे. पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच, मोलाचा आहे. मी म्हटलं, मेल्यांनो, मोलाचा आहे तर मग विकायच्या आधी एकदा चालवून तरी बघायचं!

"नाथा, तुमच्यात चालेल का रे असं?" मी एकदा विचारलं. "सोंड लवकरच येईल, तोवर न्या मूर्ती?"

तो म्हणाला, "ताय, आमच्यातही कच्चा माल जातो. ट्रक भरून जातो बाहेरगावी, बिनरंगाचा. पन कच्चा म्हनून सांगून जातो गो. घेनाऱ्याला ठावं असतं, रंग आपल्यालाच द्यायचाय." आणि माऊस हातात घेऊन परत ओसरी रचायला लागला. मला वाईट वाटलं. माणसाने भांडावं तरी. पण भांडायचं कोणाशी? ना त्यांचं दुकान, ना दार, ना समोर यायला तोंड.

तिकडे मावशी खालावत होती. जेवण सुटत चाललं होतं. एलियाह फोनवर म्हणायचा, "लवकर कर रं. डॉक्टर काय धड बोलत नाय." आणि नाथा माझ्या त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून लाइन लागायची वाट बघत राहायचा. अर्धा वेळ लाइनच लागायची नाही. लागली तर गाव बंद. गाव चालू असलं तर भिंत उभी केली की खेळ गोठायचा. डोकं फोडून घ्यावंसं वाटायचं मला. तो मात्र पुन्हा पहिल्या विटेपासून.

माघ संपत आला तेव्हा घर झालं. खरं सांगते, मी पडद्याला हात लावून बघितला. ओसरीवरचा झोपाळा, घाणा, मागे मिठागराचे पांढरे ढीग. राहिलं होतं एकच. पुढचं दार.

"दार लाव ना रे," मी म्हटलं.

"नाय, ताय. ते मावशीसमोर."

हन्नामावशीच्या चौकटीला उजव्या अंगाला एक छोटी डबी ठोकलेली असायची, तिच्या धर्माची. आत जाताना ती डबीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना. नाथाने ती डबीसुद्धा करून ठेवली होती, दाराबरोबर लावायची म्हणून. त्याचा हिशोब सरळ होता. ज्याचं घर, तो समोर आल्यावर डोळे उघडायचे. मावशी पडद्यासमोर बसेल, मग दार लागेल, डबी लागेल, आणि पहिली आत जाईल ती मावशी.

शिमग्याच्या आधीचा रविवार ठरला. नाथा इस्त्रीचा शर्ट घालून आला. नारळ आणला होता, तो कम्प्युटरसमोर ठेवला. मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. बूथचा फोन माझ्या हातात, त्यावर एलियाह; दुसऱ्या लाइनवर खेळ. एलियाह म्हणाला, आईला न्हाऊ घातलंय, नवं पातळ नेसवलंय, समोर बसलीय. फोन तिच्या कानाला लावलाय.

इकडे खेळ उघडेना. कंपनीने नेमकी त्याच दिवशी नवी आवृत्ती काढली होती, ती आधी उतरवून घ्या म्हणे. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मधेच लाइन तुटली. पुन्हा पहिल्यापासून. नाथाच्या कपाळावर घाम. तिकडे मावशी कण्हत होती, तिला बसवत नव्हतं. शेवटी पट्टी भरली आणि गाव उघडलं.

काहीच नव्हतं.

घर नाही, घाणा नाही, आंबा नाही. सपाट करडी जमीन, लांबवर पसरलेली, आणि वर आभाळ. एका कोपऱ्यात कंपनीची इंग्रजी चिठ्ठी. मी वाचली. नव्या आवृत्तीसाठी साफसफाई केली आहे. ज्या घरांना पुढचं दार बसवलेलं नव्हतं ती अपूर्ण धरून काढून टाकली आहेत. नवी बांधकामं लवकरच सुरू होतील. आधी सांगितलं होतं का? नाही. आदल्या दिवशीपर्यंत एक अक्षर नाही.

अपूर्ण! अरे, ज्यांनी जन्मात एक गोष्ट पुरी करून विकली नाही, ते आमचं अपूर्ण म्हणून पुसणार? चोराच्या उलट्या बोंबा! मी काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. नाथा मात्र तसाच पडद्याकडे बघत राहिला, हात माऊसवर.

फोनमधून मावशीचा आवाज आला. तिच्याही समोर तेच होतं, ती सपाट करडी जमीन. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या आवाजात ओळख होती.

"बांध फुटला काय रं?" ती म्हणाली. "पानी शिरलं. समदं गेलं." मग एकदम किंचाळली, "नाथा कुठाय? नाथाला उचला आधी! नाथा दिसत नाय!"

नाथाने झडप घालून फोन माझ्या हातातून घेतला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली, बोल रे, बोल.

"हाय, मावशी," तो म्हणाला. "नाथा घाण्यावर बसलाय. कोरडा हाय."

"कोरडा हाय?"

"व्हय. तूच बसवलंस ना."

"मग बरं," मावशी म्हणाली. मग एलियाहने फोन घेतला आणि तो रडायला लागला.

होळीच्या आत मावशी गेली. शेवटपर्यंत घराबद्दल एकदाही बोलली नाही, बोचकंही बांधलं नाही. घर बुडालं, एवढंच तिच्या मनात राहिलं. एकदा गोडाऊनवाल्याने पाडलं, एकदा त्या कंपनीने.

यंदा श्रावणात मी नाथाच्या कारखान्यात गेले. डोळे काढत होता. समोर गिऱ्हाईक नव्हतं. मूर्तीमागून मूर्ती, रंग वाळला की लगेच डोळे. मी म्हटलं, "का रे, बापाची रीत सोडलीस?"

त्याने ब्रश खाली ठेवला नाही. "ताय," म्हणाला, "दार आदल्या दिवशी लावलं असतं तर घर ऱ्हायलं असतं ना गो?"

मी त्याला म्हटलं, चूक तुझी नाही, त्या मेल्यांची आहे. दहादा म्हटलं. त्याने मान हलवली आणि पुढच्या मूर्तीचे डोळे काढायला घेतले. त्या कंपनीत कोणाला नाथाचं नावसुद्धा माहीत नाही, आणि हा मात्र आपणच मावशीचं घर बुडवलं असं धरून बसलाय.