नोव्हेंबरच्या आधीचे तेरा दिवस

पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन कशी निवडावी, याबद्दल इंटरनेटवर ढीगभर सल्ले आहेत. घराजवळची घ्या. पाणी शांत असेल अशी घ्या. सायकलच्या रस्त्याला चढ कमी हवेत, तयारीला सहा महिने हाताशी हवेत. मी सगळे वाचले. घरात कुणी मरणाला टेकलं असेल तर तारीख कशी काढायची, हे मात्र कुणी लिहिलेलं नाही. ती मी माझ्या अकलेनं काढली. कशी काढली ते सांगतो, आणि सांगताना स्वतःला बरं दाखवायचा खटाटोप करत नाही.

मी न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात गेटवर सुपरवायझर आहे. आलेल्या ट्रेलरवरच्या पेटीचा नंबर बघायचा, सील बघायचं आणि मोठ्यानं मोजून आतल्या माणसाला ओरडून सांगायचं. बावीस वर्षं हेच. आम्ही मूळचे मिठागरवाले. बंदर आलं तशी मिठागरं गेली. मोठ्या भावानं ट्रेलर घेतले, मी गेट धरलं. चाळिशी ओलांडली आणि डॉक्टरनं साखर काठावर आहे म्हणून सांगितलं. आधी चालायला लागलो, मग पळायला, मग भावाकडे धूळ खात पडलेली सायकल उचलली. पोहायला लहानपणापासून येत होतंच. तिन्ही एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक करायची शर्यत असते, हे मला उलव्याच्या रस्त्यावर भेटणाऱ्या सायकलवाल्यांनी सांगितलं. दोन किलोमीटरला थोडं कमी पोहायचं, नव्वद किलोमीटर सायकल, वर एकवीस किलोमीटर पळायचं. आणि याला म्हणे अर्धी म्हणतात!

मला ती करायचीच होती. का, असं विचारणाऱ्यांना मी तब्येत, शिस्त, पोरांपुढे आदर्श अशी वाटेल ती उत्तरं दिली. खरं असं की बावीस वर्षं मी दुसऱ्याचा माल मोजला होता आणि कुणी सांगितल्याशिवाय एकही गोष्ट केली नव्हती. ही एक कुणीच सांगितलेली नव्हती. उलट सगळे नकोच म्हणत होते.

समोर तीन शर्यती होत्या. एक कोल्हापूरकडे, तलावातली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला. एक गोव्याला, समुद्रातली, नोव्हेंबरात. तिसरी खाली तामिळनाडूकडे, जानेवारीत. हे सगळं मी ऑगस्टमध्ये ठरवत होतो आणि माझे वडील मार्चपासून खाटेवर होते.

अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली होती. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. व्हय, न्हाय, पानी, आणि कधी जोर केला तर आणखी दोन-तीन शब्द. जुलैत मूत्रपिंडांनीही मान टाकली. डॉक्टरनं मला आणि भावाला बाहेर बोलावून सांगितलं, "आता महिन्यांत बोला, वर्षांत नको." भाऊ भिंतीला टेकून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, किती महिने? लाज वाटायला हवी होती. तेव्हा वाटली नाही.

भावाला शर्यतीचं कळलं तेव्हा त्यानं अंगणातच माझी खरडपट्टी काढली. "बापूस खाटंवर परलाय न् तुला पवायचा सुचतंय? गावात तोंड दाखवायची सोय ठेव रं." मी म्हटलं, दादूस, रात्रपाळी करून येतो, त्यांचं अंग पुसतो, पेज भरवतो, माझा कुठला वाटा चुकला ते सांग. माझा वाटा चुकला नव्हता. त्याचाच चुकत होता. पण माझं मन कुठं होतं ते त्याला बरोबर दिसलं होतं.

मग घरात बोलायला एकच माणूस उरला, उत्तर न देणारा. रोज दुपारी वडिलांना पेज भरवताना मी त्यांना शर्यतींबद्दल सांगायचो. कोल्हापूरचं तळं, गोव्याचा समुद्र, कुठे चढ किती, कुठे ऊन किती. ते डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघत ऐकायचे. पेज ओठांच्या कोपऱ्यातून गळायची, मी पुसायचो.

वडील मिठागरावर उघाडी सांभाळायचे. उघाडी म्हणजे बांधातलं दार. उधाणाला ते उघडून खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ओहोटी लागायच्या आत बंद करायचं. वेळ चुकली तर आठवड्याची मेहनत पाण्यात. त्यामुळे त्यांना घड्याळ नाही, तिथी लागायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा साधा हिशोब. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. हॉलमध्ये त्यांच्या खाटेसमोर भिंतीवर तिथ्यांचं कॅलेंडर होतं ते त्यासाठीच. मिठागर जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी तिथी बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मी गोव्याच्या शर्यतीची तारीख सांगितली त्या दुपारी त्यांनी डावा हात उचलून कॅलेंडरकडे दाखवलं. मी नोव्हेंबरचं पान वर करून धरलं. त्या रविवारी अष्टमी होती. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला, सावकाश. मग म्हणाले, "भांग." भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासचं पाणी. भरतीला जोर नसतो, ओहोटीला ओढ नसते. सकाळी सहाला भरती पुरी आणि समुद्र मऊ. गोव्यात तासाभराचा फरक पडेल, पण भांग तिथंही भांगच. ज्या माणसाला स्वतःची कूस बदलता येत नव्हती, त्यानं मला पोहायला सोपं पाणी काढून दिलं होतं. मी हसलो, त्यांचं तोंड पुसलं आणि म्हटलं, मग गोवाच.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण आमच्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस सुतक. घरचा मुलगा गाव सोडत नाही, दाढी करत नाही, दारात येणाऱ्यांसमोर बसून राहतो. पुढं वर्षभर घरात सण नाही की लग्न नाही. वर्षाचं मी मनातल्या मनात निभावून नेलं होतं. शर्यत म्हणजे काही लग्न नव्हे. शेवटी गळ्यात पदक घालतात ते हारासारखं दिसेल खरं, पण ते काढून खिशात ठेवता येतं. तेरा दिवसांना मात्र तोड नव्हती.

म्हणून मी हिशोब केला. आमच्यात म्हणतात, म्हातारं माणूस पावसाळ्यात जातं, आणि पावसाळा काढला तर थेट पुढचा उन्हाळा बघतं. म्हणजे ऑक्टोबरची कोल्हापूरची शर्यत धोक्याची, कारण सप्टेंबरअखेर काही झालं तर तेरा दिवस थेट तिच्या अंगावर येणार. जानेवारी लांब पडते, आजारी माणसाच्या बाबतीत तितक्या लांबचं कोण सांगणार? नोव्हेंबर ठीक. जायचे असतील तर तोवर गेलेले असतील, नसतील तर टिकलेले असतील. हवामान बघावं तसा मी बापाचा अंदाज काढत होतो. आणि तो अंदाज मला पटत होता.

दुसऱ्या दिवशी पेज भरवून झाल्यावर मी कॅलेंडरपाशी गेलो, नोव्हेंबरचं पान वर केलं आणि शर्यतीच्या रविवारपासून मागं मोजत पेन्सिलीनं एकेका दिवसावर ठिपका दिला. मोबाईलवर करता आलं असतं. पण घरातले दिवस आम्ही भिंतीवरच मोजतो, दुधाचे खाडे असोत की गॅसचा सिलिंडर. पाठ वडिलांकडे होती. आणि मी मोठ्यानं मोजलं. बावीस वर्षांची गेटवरची सवय. एक, दोन, तीन, करत तेरापर्यंत. तेराव्या ठिपक्याच्याही मागं एक बारीक उभी रेघ मारली आणि तोंडातून निघून गेलं, "याच्या आधी."

मागं वळलो तर ते जागे होते. नेहमीसारखेच बघत होते. मी भांडं उचललं आणि आत गेलो. खरंच सांगतो, तेव्हा माझ्या काही डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते बायकोच्या. चार दिवसांनी भाऊबीज कधी आहे ते बघायला तिनं नोव्हेंबर उघडला. मी दाराशी बूट घालत होतो. ती म्हणाली, "हे ठिपके कसले?" मी म्हटलं, पाळीचे. "पाळी सहा दिवसांची असते तुमची," असं म्हणून तिनं बोट ठेवून मोजलं. मोजणं संपल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं नाही, वडिलांच्या खाटेकडे बघितलं. पोरांच्या दप्तरातलं खोडरबर आणून एकेक ठिपका घासून काढला. मग स्वयंपाकघरात जाऊन इतकंच म्हणाली, "माझा बाप असता तर तुम्ही असं केलं असतं का, ते मी विचारत नाही. तुमचाच आहे, म्हणून विचारते. माणूस आहात ना तुम्ही?" मी कामाला उशीर होतोय म्हणालो. उशीर होत नव्हता.

त्याच आठवड्यात वडिलांनी खाणं सोडलं.

आधी वाटलं, तोंड आलं असेल. बायकोनं मध-तूप लावलं. मग वाटलं, पेजेला कंटाळले. तिनं नाचणीची आंबील केली, भाताचं पाणी केलं, सुकटीचं पातळ कालवण केलं, ज्याच्या वासानं ते कधी काळी बांधावरून घरी यायचे. चमचा ओठांशी नेला की ओठ मिटायचे. डॉक्टर म्हणाला, या आजारात भूक मरते, फार तर नाकातून नळी घालू. भावाला नळी नको होती. "हाल नको," म्हणत राहिला. तीन दिवस त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. गालांची हाडं वर आली. मी मनात आकडेमोड करायचं थांबवलं नव्हतं. हा सप्टेंबरचा पहिला आठवडा, म्हणजे नोव्हेंबरला अडचण नाही. हे वाक्य माझ्या डोक्यात आपोआप आलं, आणि मी त्याला हाकललं असंही नाही.

चौथ्या दुपारी घरी मी एकटाच होतो. आंबिलीचा चमचा धरला, ओठ मिटले. मग त्यांनी डावा हात उचलून कॅलेंडर दाखवलं. तिथी विचारतायत असं समजून मी सांगितली. त्यांनी मान हलवली. "न्हाय." पुन्हा हात. मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून त्यांच्या छातीवर धरलं. त्यांचं बोट थरथरत सप्टेंबरच्या पानावर फिरलं. एका ओळीवर आलं, दुसरीवर उतरलं आणि तिसऱ्या आठवड्यातल्या एका चौकोनावर थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंड वाकडं झालं, घशातून आवाज निघेना, मग निघाला.

"पोरा. हितं चालंल?"

मला कळायला वेळ लागला नाही. कळू नये असं फार वाटलं, पण लागला नाही. तेरा दिवस जमेस धरूनही त्यांनी मला पुढं दीड महिना मोकळा ठेवला होता. तयारीसाठी.

माझ्या हातातला चमचा सांडला. मी त्यांच्या पायांशी बसलो आणि पहिल्यांदा रडलो, मोठ्यानं, शेजारीण दारात येऊन उभी राहिली तरी. "बाबा, चुकलं माझं" म्हणालो. बोट त्या चौकोनावर तसंच होतं, त्यांना उत्तर हवं होतं. नुसत्या माफीनं ते जेवणार नव्हते हे मला दिसत होतं. म्हणून मी डोळे पुसले आणि खोटं बोललो.

"बाबा, मी गोव्याला नाय चाललो. पुढल्या वर्षीची घेतली. पुढल्या वर्षी पण भांगालाच येते, तुमीच बघून द्या मला. तवर घाई नाय."

त्यांनी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. उघाडीवर उभं राहून पाणी चढतंय की उतरतंय हे ओळखणारा माणूस तो, माझं तोंड त्याला नवीन नव्हतं. मग बोट उचललं. मी आंबील परत भरून चमचा ओठांशी नेला. ओठ उघडले. पहिला घोट बाहेर आला, दुसरा आत गेला. तिसराही गेला.

मला आनंद झाला. छाती भरून आली इतका झाला. चौथा चमचा भरताना त्या आनंदाला लागूनच मला वाईट वाटलं, की आता नोव्हेंबर गेला.