सहाणेला आलेला वास

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मी अजूनही खोलीबाहेर जातो. आमच्या घरी सर्दीलाही ते वापरत नाहीत. त्याला कारण हे प्रकरण.

साठ-सत्तरच्या दरम्यान मी मावळात फौजदार होतो. वडगावच्या सरकारी दवाखान्यातून वर्दी आली: टाकव्याच्या पुढल्या एका गावातलं वर्षाचं मूल आचके देऊन दगावलं, तोंडाला तेलाचा वास आहे. पाठोपाठ मुलाची आजी ठाण्यात आली. पदर खोचलेला, आवाज चढलेला.

"त्या तेलवाल्यानं माजं नातवंड मारलं. त्याला आत घाला."

तेलवाला डोंगरातल्या वाडीवरचा. लोणावळ्याच्या बंगल्यांतल्या निलगिरीचा पाला आणून तो तेल काढी आणि बाजारात विकी. मुलाच्या अंगभर गळवं होती. पेनिसिलीनची इंजेक्शनं देऊनही गुण नव्हता, म्हणून घरच्यांनी आठवड्यापूर्वी त्याच्याकडून तेल आणलं होतं.

"हे जंतू आता पेनिसिलीनला भीक घालत नाहीत," डॉक्टर मला म्हणाले. "दुसरं औषध माझ्याकडे नव्हतं. तेलानं गळवं सुकत होती, हे मी स्वतः पाहिलंय."

मात्र शवविच्छेदनात तेल पोटात सापडलं. म्हणजे कोणीतरी ते पाजलं होतं.

तेलवाल्याला ठाण्यात आणलं. जमादार त्याच्यावर खेकसला, "काय रे, पोरं मारायचा धंदा काढलास व्हय?"

"खोबरेलात थेंब थेंब घालून लावा, येवढंच सांगितलं, साहेब. पाजाया कशाला सांगू? त्येल कोन पितं?"

मुलाला तेल कोणी पाजलं, हे मी घरच्यांनाही विचारलं. आई, बाप, आजी, तिघांचं उत्तर एकच: कुणीच नाही. खोटं बोलणारा माणूस न विचारता कारणं देतो, असा माझा अनुभव. या तिघांनी एकही कारण दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पंचांना घेऊन त्यांच्या घरी गेलो. पंचनामा मी मोठ्यानं सांगत असे आणि जमादार लिहून घेई. बाटली एक, तळाशी थोडं तेल. नुसतं लावून आठवड्यात इतकं संपणं शक्य नव्हतं. चुलीजवळ सहाण होती. ती उचलून मी नाकाशी नेली.

"सहाण एक, दगडी. निलगिरीचा उग्र वास."

"येनारच की," आजी दारातून म्हणाली. "गुटीत घालत हुते न्हवं. येखंड, हळकुंड, मायफळ, आन् त्ये. भायेरनं येवढा गुन आला, मंग आतनं..."

बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या हातातल्या सहाणेकडे गेलं. तिच्या लेखी ते तेल पाजणं नव्हतंच. ती रोजची गुटी होती. सुनेनं एकदा सासूकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

आजी म्हणाली, "त्याला सोडा आदी. मला बसवा तितं."

तिला बसवता आलं नाही. अपघाती मृत्यू म्हणून कागद वर गेले आणि गुन्हा नाही असा शेरा आला. त्यानंतरही ती ठाण्यात येऊन विचारी, "साहेब, मला शिक्षा का न्हाई?" तेलवाला सुटला; पण त्यानं भट्टी मोडली आणि रेल्वेच्या गँगमध्ये रोजंदारी धरली. "लावा म्हनलो," तो जाताना म्हणाला, "पाजू नका, हेबी म्हनाया पायजे व्हतं."

त्यानंतर मी प्रश्न विचारायची रीत बदलली. तेल कोणी पाजलं, असं न विचारता पोराच्या तोंडात सकाळपासून काय काय गेलं, असं विचारू लागलो. पुढे त्याचा उपयोग झाला. या घराला झाला नाही.

पुढल्या वर्षी त्याच आळीतल्या दुसऱ्या पोराला तशीच गळवं झाली आणि इंजेक्शनं पुन्हा वाया गेली. आजी रोज त्या दाराशी जाऊन सांगे, "फकस्त लाव, बाई. पाजू नगं, लाव." ती दिसली की पोराची आई त्याला उचलून आत नेई आणि कडी घाली.