एक कमी सांगायचं

मुरबाडहून कल्याणला जाणाऱ्या जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसले होते, मांडीवर पत्र्याची पेटी. बाबा दाराशी उभा होता. शेळ्या आईवर सोपवून आला होता, म्हणून सगळी घाई. म्हणाला, "कल्यानला कोन इचारील घरी माणसां किती, तर एक कमी सांग गो." निरोपाला त्याला दुसरं काही सुचलं नाही. तेव्हा मला हसू आलं होतं. आज आठवलं की डोकं फिरतं.

वाडीवर राहिलेल्या माझ्या दोन्ही भावांनो, आणि माझ्यासारखं डोंगर उतरून गेलेल्यांनो, तुम्हाला हे नवं नाही. शेळ्या राखणारी माणसं आपण. कळप कधी पुरा सांगायचा नाही. बावीस असल्या तर एकवीस म्हणायचं, आणि जी सगळ्यांत लाडकी तिला मनात लपवायचं, म्हणजे नजर लागत नाही, वाघ नेत नाही. शेळ्यांपुरतं ठीक होतं हे.

त्याच वर्षी, मी निघण्याआधी, शिरगणतीचे मास्तर घामाघूम होऊन वाडीवर आले होते. नव्या रेशनकार्डाचे अर्जही त्यांच्याचकडे. "माणसं किती?" बाबा म्हणाला, "चार." आई, बाबा आणि तुम्ही दोघं. मी समोर उभी राहून मास्तरांना पाणी देत होते. त्यांना वाटलं असेल, शेजारची कोणी. मोठ्यांच्या मधे बोलू नये म्हणून मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचाही मला राग येतो.

कल्याणला एका दवाखान्यात तीन वर्षं बेडपॅन धुतली, डबल ड्युट्या केल्या, तेव्हा कुठे नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला. दाखल्यासाठी रेशनकार्ड मागितलं, तर त्यावर मी नव्हतेच. सीट गेली. तशीच वाडीवर आले आणि बाबावर ओरडले, "शेळी हाय का मी?"

तो म्हणाला, "शेळ्यांतली पन कंची लपवतात, ठाव हाय ना तुला?"

ठाऊक होतं. म्हणून तर जास्त चिडले. माया करायची आणि कागदावर नावच येऊ द्यायचं नाही, असल्या मायेला काय चाटायचंय?

दुसऱ्या दिवशी कार्डावर नाव चढवायला त्याला तालुक्याला नेलं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, माणसं किती. बाबा खाली बघत राहिला. मी म्हटलं, "सांग." मग सगळ्या रांगेसमोर तो म्हणाला, "पाच." जन्मात पहिल्यांदा पुरा आकडा.

त्याच पावसाळ्यात आईला रानात फुरसं चावलं. तुम्ही दोघांनी झोळी करून तिला खाली आणलं, पण डांबरी रस्ता यायच्या आधीच ती गेली. वाडीत म्हणतात, पुरं मोजलं म्हणून गेली. साफ खोटं आहे. वाडीला रस्ता नव्हता म्हणून गेली. हे मी दरवेळी ओरडून सांगते.

पुढच्या वर्षी कोर्सला घेतलं मला. आता नाइट ड्युटी आहे, भाड्याची खोली आहे, कुकर आहे. बाबा त्या 'पाच'बद्दल मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर भांडले तरी असते.

गेल्या रजेत मी वाडीवर होते. एका पाहुण्यानं सहज विचारलं, घरात माणसं किती. बाबानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "चार."

अंगाचा भडका उडाला माझ्या. मग मोजलं. बाबा, तुम्ही दोघं, मी. या वेळी त्यानं कुणालाच लपवलं नव्हतं.