पांढरीतली चूल

मातीच्या पोटात काळ झोपलेला असतो, असं आमचे सर उत्खननाचा नारळ फोडताना म्हणाले होते. माझ्या अनुभवात तिथे बहुतेक वेळा उंदीर झोपलेला असतो. तो बिळं पाडून वरचं खाली नेतो, खालचं वर आणतो, आणि मग आम्ही त्यावर वर्षभर वाद घालतो. सांगायचा मुद्दा, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही. फक्त ती एक दुपार कुठे ठेवायची ते कळत नाही...

जागा डाळजच्या पुढे, हायवे सोडून उजनीच्या पाण्याकडे वळलं की लागते. जुन्या वस्तीचं टेकाड, गावच्या भाषेत पांढरी. तिथली माती खत म्हणून शेतात नेऊन लोकांनी टेकाड अर्धं संपवलं होतं. उरलेलं ज्यांच्या मालकीचं, त्या आबांनी आम्हाला त्या दिवसापर्यंतच मुभा दिली होती. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर, सपाटीकरण आणि उसाची लागण. माझा प्रबंध तळाच्या वस्तीच्या काळावर उभा होता आणि काळ ठरवायला हवा होता एक स्वच्छ कोळसा, उंदराने न हलवलेल्या थरातला. अख्ख्या हंगामात तो मिळाला नव्हता.

सकाळपासून कुणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी खड्ड्याची तीच भिंत पुन्हा पुन्हा मोजत होते. गडी उगाच मागे वळून बघायचे. घमेली उचलणाऱ्या आणि आमचा चहाही करणाऱ्या हौसामावशी मधेच थांबून म्हणाल्या, "भाकर कुणाची करपतीया?" मी म्हटलं, कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असेल. मग चहूकडे पाहिलं. धूर कुठेच नव्हता. वास मात्र मलाही येत होता.

दुपारच्या सुमाराला चोपलेल्या मातीची जमीन लागली. अखंड... ना बीळ, ना भेग. ती उचलली आणि खाली चूल निघाली. मातीची कड, आत राख, राखेत कोळसे. मला हवं होतं नेमकं तेच. आमच्यात फोटोआधी सगळं झाडून घेतात, म्हणून मी ब्रश फिरवत होते, तेवढ्यात हाताची पालथी बाजू राखेला लागली.

राख कोमट होती.

शेजारची माती गार. खड्ड्याचा तो कोपरा सकाळपासून भिंतीच्या सावलीत. सर उतरले, हात लावला आणि नारळ फोडतानाच्याच आवाजात म्हणाले, "ऊन." मग सूर्य कुठे आहे ते पाहिलं, आणि फोन आला म्हणून वर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता.

काठावरून आबांनी विचारलं, "काय घावलं, म्याडम? सोनं?"

"चूल आहे, आबा. राख."

"राख व्हय. ती तर आमच्या घरी बी हाय," म्हणून ते बांधाकडे निघून गेले.

हौसामावशी न बोलावता खाली आल्या. तव्याचा ताव बघावा तसा त्यांनी राखेवर तळवा धरला. म्हणाल्या, "जिती हाय." त्यांच्यात घर कायमचं सोडताना चुलीत दूध घालून ती शांत करतात, मग उंबरा ओलांडतात. "बाई घाईत उठली असंल. ऱ्हायलं तिचं."

मी त्यांना समजावलं. कोळशाचं वय त्यातल्या कार्बनवरून काढतात. पाणी एक वेळ चालेल, पण दूध म्हणजे आजचा कार्बन. ते कोळशात मुरलं की त्याचं वय विचारण्यात अर्थ नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग तुमचं आदी उरका. पर तिला आशीच ठिवून जाऊ नगा, पोरी."

मी कोळसा गुंडाळायला फॉइल पसरली, थापीने तो उचलला. तो मधोमध तुटला. आत लाल होतं... कुणी फुंकर घातल्यासारखं ते उजळलं, मावळलं, पुन्हा उजळलं. फॉइल इतकी तापली की हातातून सुटली.

पुन्हा उचलता आलं असतं. चिमटा होता, डबी होती. उद्या ट्रॅक्टर होता. मी मावशींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, चुलीकडे बघत होत्या.

"घाला, मावशी."

मला वाटलं होतं, चार थेंब शिंपडतील. त्यांनी चहासाठी आणलेला दुधाचा अख्खा तांब्या ओतला. चर्र झालं. वर पाठमोरे उभे असलेले सर फोनवर हात ठेवून म्हणाले, "अरे, दूध कुणाचं उतू गेलं?"

मग राख गार झाली, शेजारच्या मातीसारखी.

बोटाला फोड आला होता. फोटोत फक्त ओली राख दिसते. सरांना मी सांगितलं की दूध सांडलं. ते संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. कळीचा चुना असेल, ओल लागली की तापतो, असं एका मित्राचं मत आहे. तिथे चुना नव्हता. अंधार पडेपर्यंत मी चुलीच्या खालीही खणून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला उंदराचं बीळ सापडावं असं वाटत होतं. सापडलं नाही. प्रबंधात त्या थराच्या काळाआधी 'अंदाजे' हा शब्द आहे, आणि टेकाडाच्या जागी आता आबांचा ऊस उभा आहे.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पक्कं एवढंच सांगता येईल, की त्या दुपारी सगळ्यांनी कोरा चहा प्यायला.